पळीभर तेल वजा जाता

तेल नेमके कुठे मोजायचे? फळांच्या बियांतून तेल काढण्याच्या पद्धतींची तुलना या विषयावर एकदा मी व्याख्यान दिले होते; ते संपल्यावर शेवटच्या बाकावरून एवढाच प्रश्न आला. बीच्या पोटात असते ते तेल, यंत्राच्या फटीतून गळते ते तेल, की बाटलीला बूच लावताना आत उरते ते? मी तक्ते पुन्हा दाखवले, टक्केवारी पुन्हा सांगितली. उत्तर मला टाळायचे नव्हते. ते माझ्याजवळ नव्हतेच. पुढे मला कळले की हाच प्रश्न एका बाईने कितीतरी वर्षांपूर्वी, एका व्यवस्थापकाच्या टेबलावर तेलाने ओथंबलेली पळी आपटून विचारला होता. ही तिची हकीकत आहे. काही तिने सांगितलेली, काही तिच्या नणंदेने. दोघींच्या सांगण्यात तपशिलांचा फरक फारसा नाही, आवाजाच्या पट्टीचा आहे.

कारखाना द्राक्षाच्या रसाचा. रस काढून झाला की चोथा उरतो: साली, देठ आणि बिया. पुष्कळ ठिकाणी तो खतात जातो. इथे तो चाळून बिया वेगळ्या करीत, पत्र्यावर वाळवीत, आणि अंगणापलीकडच्या एका सुट्या खोलीत त्यांचे तेल काढीत. त्या खोलीला सगळे घाणाच म्हणत, आणि खोलीतल्या यंत्रालाही. यंत्र म्हणजे एक जाड लोखंडी नळकांडे. त्यात मळसूत्री दांडा फिरतो आणि बियांना चिरडत पुढे रेटतो. बाजूच्या बारीक फटींतून हिरवट तेल खालच्या पन्हळीत उतरते, आणि दुसऱ्या टोकातून पेंड बाहेर पडते, करड्या पापुद्र्यांची, हातात घेतली तर चटका बसेल इतकी गरम. खोलीची जमीन वर्षानुवर्षांच्या तेलाने काळी आणि चिकट झाली होती. नवा माणूस आत आला की त्याच्या चपला दोन पावलांवर मागे राहत, आणि तो अनवाणीच पुढे जाई.

ती या कारखान्यात आली ती चाळणीवर. घाण्यावर तेव्हा एक म्हातारा होता. मला शिकवा, असे तिने त्याला म्हटले, तेव्हा तो हसला.

“तुझे केस बघ केवढे. दांड्यात अडकले तर घाण्यातून तेलाऐवजी तूच निघशील.”

दुसऱ्या दिवशी ती केस कानापर्यंत कापून आली.

“आता काय अडकेल?”

“जीभ,” म्हातारा म्हणाला.

“ती आजवर कुठे अडकली नाही.”

म्हाताऱ्याने तिला शिकवले. बी किती वाळलेली हवी, दांड्याचा आवाज जाड झाला की काय समजायचे, नळकांड्यावर तळहात किती वेळ ठेवता आला पाहिजे. पण या सगळ्याआधी एक गोष्ट त्याने तिच्याकडून घोटून घेतली. द्राक्षाची बी कडक आणि तेलाला कंजूष. शंभर भागांत जेमतेम चौदा भाग तेल. घाणा कोरडा सुरू केला तर पहिल्याच घासाला पेंडेचा दगड होतो आणि दांडा आवळून बसतो. म्हणून सकाळी पहिल्या बिया टाकण्याआधी आदल्या दिवशीच्या डब्यातले पळीभर तेल घाण्याच्या तोंडात ओतायचे. पळी म्हणजे स्वयंपाकघरातली नव्हे. लांब दांड्याची, तांब्याएवढ्या पोटाची. ते तेल वाया जात नसे. दिवसभराच्या धारेबरोबर ते खाली येई आणि पुन्हा डब्यात जमा होई, त्यामुळे त्याचा विचार करण्याचे कुणाला कारण नव्हते. म्हातारा गेल्यावर घाणा तिच्याकडे आला, आणि पळीही.

कारखान्याच्या फिटरशी तिचे लग्न झाले. फिटरला लहानथोर सगळे दादा म्हणत, म्हणून ती सगळ्यांची वहिनी झाली. बाटल्या भरणाऱ्या बाया, हमाल, पुढे तर व्यवस्थापकसुद्धा तिला वहिनीच म्हणू लागले. खरी वहिनी ती एकीचीच. फिटरची धाकटी बहीण या दोघांच्या घरात वाढली, शिकली आणि त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ म्हणून लागली. वहिनीने तिला लहानपणी जिन्यावर बसवून पाढे घोकून घेतले होते, आणि त्याचा उल्लेख करण्याची एकही संधी ती सोडत नसे.

नवे व्यवस्थापक आले त्यानंतरच्या हंगामात द्रावकाचा विषय निघाला. बिया दळायच्या, त्यांच्यावरून हेक्झेन नावाचे पातळ द्रव खेळवायचे. ते बियांतले जवळजवळ सगळे तेल आपल्यात विरघळवून घेते. मग ते तापवून उडवून लावायचे आणि गार करून पुन्हा वापरायचे. मागे राहते ते तेल. दाबून निघते त्यापेक्षा पुष्कळ अधिक. मात्र हे द्रव ठिणगीला पेट घेणारे, तेव्हा त्याचे यंत्र मुख्य इमारतीपासून दूर हवे. आणि दूर अशी पक्क्या भिंतींची खोली एकच होती. घाणा निघणार, वहिनी बाटल्या धुण्याच्या विभागात जाणार, असे ठरल्यासारखेच होते. तरी व्यवस्थापक पद्धतशीर गृहस्थ होते. आधी रीतसर तुलना होऊ द्या, असे त्यांनी सांगितले, आणि ती करण्याचे काम प्रयोगशाळेकडे, म्हणजे नणंदेकडे दिले.

त्या संध्याकाळी जेवताना घरात जे बोलणे झाले ते दोघींनाही शब्दशः आठवते.

“तुझं ते धुणं कधी आहे?” वहिनीने विचारले. द्रावकाच्या पद्धतीला ती पहिल्या दिवसापासून धुणेच म्हणत असे.

“सोमवारी. आणि धुणं नाही ते, वहिनी.”

“बिया भिजवायच्या, पाणी काढायचं, वाळवायचं. आणखी काय असतं धुण्यात?”

“तीन पद्धती बघायच्यात. तुझा घाणा, द्रावक, आणि बिया कुटून पाण्यात उकळून वर येणारं तेल काढून घ्यायचं, ती तिसरी.”

“उकळून? द्राक्षाच्या बीतनं? चहाच पी त्यापेक्षा.”

“मला माहीत आहे काही निघणार नाही. पण करून बघायचं असतं.”

फिटर मान खाली घालून जेवत होता. “भांडण आहे की स्वयंपाक?” तो म्हणाला. “मीठ कशातच नाही.”

“तुमची बहीण माझा घाणा उचलून न्यायला निघालीये, आणि तुम्हाला मिठाचं पडलंय.”

“मी कुणाचं काही उचलत नाहीये,” नणंद म्हणाली. “मी मोजणार आहे. जे निघेल ते लिहीन. तुझ्या बाजूनं एक थेंब जास्त नाही, त्यांच्या बाजूनं एक थेंब जास्त नाही.”

“लिही ना. मी कुठं नको म्हणतेय? थेंबसुद्धा उसना नको मला तुझ्याकडून.”

हे वाक्य वहिनीला पुढे पुष्कळ महाग पडायचे होते.

सोमवारी एकाच पोत्यातल्या बियांचे सारखे वाटे झाले, दहा दहा किलोंचे. तिसरी पद्धत दुपारपर्यंतच बाद झाली. पातेल्यात तवंगापलीकडे काही आले नाही. द्रावकाने चौदाच्या किंचित खाली तेल दिले. घाणा आदल्या दिवशी उघडून, पुसून कोरडा केलेला होता. वहिनीने आपला वाटा एकदाच चालवला. पन्हळीतून तेल उतरले, ते तिथल्या तिथे वजन केले, आणि हिशेब लागला शंभराला साडेपंधरा. बाटल्यांच्या विभागातल्या बाया काम टाकून दारात जमल्या. कोणीतरी टाळ्या पिटल्या. फिटरने, जो कारखान्यात बायकोशी कधी बोलत नसे, लांबूनच पाना उंच करून दाखवला. वहिनी घाण्याशेजारी कमरेवर हात देऊन अशी उभी होती, की जणू घाण्याला तिनेच जन्म दिला होता.

नणंदेने मात्र वजन दोनदा केले.

व्यवस्थापकांच्या खोलीत ती बोलली, आणि तिचे बोलणे अगदी थोडे होते. बीमध्ये एकूण तेलच चौदा भाग आहे. जगातला कोणताही घाणा साडेपंधरा काढू शकत नाही. हा आकडा चूक आहे. कशाने, ते मला माहीत नाही.

“म्हणजे एकतर तुमची प्रयोगशाळा खोटी,” व्यवस्थापक म्हणाले, “नाहीतर घाण्यात कोणीतरी बाहेरून तेल ओतलं.” मग त्यांनी विचारले, “त्या तुमच्या सख्ख्या वहिनी ना?”

या प्रश्नाचा रोख नणंदेला कळला. घरी ती जेवली नाही.

“चोर म्हणाले मला?” वहिनीने विचारले.

“तुला नाही. आपल्या दोघींना.”

“मी काही ओतलं नाही.”

“मग ते आलं कुठनं? बीत नव्हतं ते.”

“तुझं मोजणं चुकलं असेल. पाढ्यातसुद्धा तू सातावर अडखळायचीस.”

नणंद उठून आत गेली. फिटर म्हणाला, “जाऊ दे ना. जिंकलीस. साहेबाला सिद्ध करता येणार नाही. घाणा राहतोय, गप्प बस.”

गप्प बसण्याचा हा सल्ला तिने रात्रभर पाळला, हे तिच्या आयुष्यातले एक आश्चर्यच म्हणायला हवे. सकाळी ती कामावर आली, मोटर सुरू केली, डब्याचे झाकण काढले, पळी बुडवली, आणि घाण्याच्या तोंडावर नेली. तेल ओतण्यासाठी मनगट वळले. ते वळण इतक्या वर्षांच्या सवयीचे होते की त्याला तिचे डोळे लागत नसत. त्या दिवशी ते लागले. मनगट अर्ध्यावर थांबले.

सोमवारी पुसलेल्या, कोरड्या घाण्यात बियांआधी काय गेले होते, ते तिच्या हाताला माहीत होते, तिला नव्हते. खोलीतल्या कुणालाच ते दिसले नव्हते, कारण रोज दिसत होते. पाहणीला उभ्या असलेल्या नणंदेलासुद्धा ते यंत्र सुरू करण्याचाच भाग वाटले होते.

तिच्यासमोर आता दोन वाटा होत्या आणि दोन्ही तिला स्पष्ट दिसत होत्या. पळी रिकामी करून मोटरच्या आवाजात गप्प राहिले, तर घाणा राहतो आणि नणंदेचे नाव जाते. बोलले, तर नणंदेचे नाव राहते आणि घाणा जातो. तिने मोटर बंद केली आणि भरलेली पळी तशीच हातात घेऊन अंगण ओलांडले. कार्यालयाच्या फरशीवर थेंबांची रांग पडत गेली. शिपाई “वहिनी, पुसलंय आत्ताच” म्हणत मागे धावला. व्यवस्थापकांच्या टेबलावर तिने पळी आपटली. निम्मे तेल काचेवर सांडले.

“ही घ्या चोरी,” ती म्हणाली. “रोज ओततो. सोमवारीही ओतलं. हातानं ओतलं, डोक्याला विचारलं नाही. तुमचं जास्तीचं तेल ते हे. आणि जे काही उरेल तो गाळ, कारण तेल निवळू न देताच वजन केलं तुम्ही.”

व्यवस्थापक कागद उचलून घेण्यात गुंतले होते. “म्हणजे तुम्ही कबूल करताय.”

“चूक कबूल करतेय. चोरी नाही. आणि तिला बोलवा,” तिने प्रयोगशाळेच्या दिशेने हात केला, “आणि माझ्यादेखत तिला सांगा की तिचा आकडा बरोबर होता.”

नणंदेला बोलावण्यात आले. व्यवस्थापकांनी तिला तसे सांगितले. सांगताना ते काच पुसत होते, हे वहिनी आजही सांगते.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “मग विषय संपला. द्रावक चौदा, घाणा त्याच्या कितीतरी खाली.”

“संपला कसा? पुन्हा मोजायचं.”

“कशाला? उत्तर माहीत आहे आपल्याला.”

“माझं चुकलं म्हणून तुमचं बरोबर कसं झालं? तेल नेमकं कुठं मोजलं तुम्ही? माझं पन्हळीत मोजलं, गाळासकट. हिचं काचेच्या भांड्यात मोजलं, औषधाच्या वासासकट. त्यातलं एक तरी बाटलीत भरता येतं का? हे द्रावकाचं तेल तसंच्या तसं तुमच्या ताटात वाढलं तर खाल तुम्ही?”

नणंद म्हणाली, “ते खाण्याआधी शुद्ध करावं लागतं. त्यात घट येते. मी ती धरली नव्हती, कारण मला फक्त काढणीची तुलना करायला सांगितलं होतं.”

“बघा! घट येते. घाणा घट धरून, आणि धुणं घट सोडून? बाटलीत मोजा. दोघांचं बाटलीत मोजा. आणि माझा घाणा मी कोरडा चालवणार नाही, कुणाच्या बापाला सांगा. आधी दुसऱ्या बियांवर तो चालू राहील, धार एकसारखी झाली की मध्ये आमचा वाटा घालायचा आणि तेवढंच तेल धरायचं. वजन हीच करेल. माझ्यावर तुमचा विश्वास नाही, आणि हिच्यावर आता ठेवावाच लागेल.”

“अटी घालणाऱ्या तुम्ही कोण?”

“घाणा चालवणारी. कोरडा चालवून दांडा मोडला तर दुरुस्त करणारा माझा नवरा आहे, आणि तो तुमचं ऐकत नाही. माझंही ऐकत नाही, पण निदान घरी येतो.”

इथे व्यवस्थापक हसले की नाही, यावर नणंद-भावजयींचे एकमत नाही.

दुसरी चाचणी वहिनीच्या अटींवर झाली. घाण्याचे तेल निवळून, गाळून बाटलीत आले, ते शंभराला आठ. द्रावकाचे तेल शुद्ध होऊन आले, ते साडेबारा. अटी तिच्या, मोजणी चोख, आणि ती हरली. दारात या वेळी कोणी टाळ्या वाजवायला नव्हते. नणंदेने आकडे मोठ्याने वाचले. वाचताना तिचा आवाज आठावर किंचित अडखळला, सातावर नव्हे.

व्यवस्थापक समजुतीच्या स्वरात म्हणाले, “आता तरी पटलं ना? बाटलीतच मोजलं.”

“पटलं. आठ म्हणजे आठ,” वहिनी म्हणाली. “बाकीचं कुठं गेलं?”

“पेंडेत. म्हणून तर म्हणतो, तुमची पद्धत तेल मागे सोडते.”

वहिनीने घाण्याच्या टोकाशी पडलेला एक पापुद्रा उचलला. तो अजून गरम होता. तिने तो व्यवस्थापकांपुढे धरला, आणि त्यांनी तो नकळत हातात घेतला आणि लगेच या हातातून त्या हातात करू लागले.

“यात आहे ना? मग हे धुवा. बिया कशाला धुताय? माझ्या मागे राहिलेलं धुवायची लाज वाटते का तुमच्या यंत्राला? पहिलं तेल मी काढीन, ते तसंच बाटलीत जाईल, ना औषध ना शुद्ध करणं. उरलेलं हिनं काढावं. तुमचं यंत्र माझ्या मागे उभं करा साहेब. माझ्या जागी नको.”

“जागा कुठे आहे?”

“बिया वाळवायचा पत्रा आहे ना मागे, तिथं बांधा. इमारतीपासून ती जागा या खोलीहूनही लांब आहे. उद्या पेटलंच तर आधी मी पेटेन, मग तुम्ही. चालेल ना?”

ही सूचना रागाच्या भरात आलेली होती, हे ती स्वतःच मान्य करते. हरलेल्या माणसाने शेवटचे सोडलेले ते तोंड होते. पण नणंदेने त्या वेळी वहीत काही लिहिले नाही, आकडेमोडही केली नाही. तिने जमिनीवरची पेंड गोळा करायला सुरुवात केली. दोन्ही हातांनी, पोत्यात, चिकट जमिनीवर गुडघे टेकून. थोड्या वेळाने वहिनीही शेजारी बसली.

“भाजेल हाताला,” ती म्हणाली.

“भाजू दे.”

“लहानपणापासून अशीच. हट्टी.”

“कुणावर गेले असेन?”

“तुझ्या भावावर,” वहिनी म्हणाली. “मी गरीब.”

पेंडेतून द्रावकाने जे निघाले, ते शुद्ध करून घाण्याच्या आठांत मिळवले, तेव्हा एकूण तेराच्या जरासे खाली भरले. नुसत्या द्रावकापेक्षा किंचित जास्त, आणि त्यातला मोठा वाटा कच्च्या, हिरवट, द्राक्षाचा वास टिकवून ठेवलेल्या तेलाचा. अहवालात नणंदेने तीन नव्हे तर चार पद्धती लिहिल्या. चौथीला तिने नाव दिले नाही. या दोन तेलांना एकाच तराजूत घालून एकाला विजयी ठरवणे शास्त्राला धरून होणार नाही, एवढे एक वाक्य मात्र तिने शेवटी घातले. व्यवस्थापकांनी ते काढायला सांगितले, तेव्हा तिने सही काढून घेण्याची तयारी दाखवली, आणि वाक्य राहिले.

व्यवस्थापकांनी घाण्याला एक हंगाम मुदत दिली. हे सांगायला ते स्वतः खोलीत आले आणि त्यांची एक चप्पल दारातच जमिनीला चिकटून राहिली.

“एक हंगाम,” ते एका पायावर म्हणाले.

“घाणा झिजेपर्यंत,” वहिनी म्हणाली. “आणि चप्पल सोडवून देते, थांबा. ओढू नका, पट्टा तुटेल.”

मुदत संपली तेव्हा वहिनीने तिची आठवण कुणाला करून दिली नाही, आणि दुसऱ्या कुणीही ती काढली नाही. पत्र्याच्या जागी द्रावकाचे यंत्र उभे राहिले होते, आणि ते नणंदेकडे होते. घाणाखोलीच्या मागच्या भिंतीला एक भोक पाडून पेंड पलीकडे ढकलण्याची सोय फिटरने केली होती. त्या भोकातून नणंद-भावजय दिवसभर एकमेकींना ओरडून बोलत. पलीकडून पेंड मागवली की इकडून विचारणा होई, “धुणं संपलं का मागचं?” आणि पलीकडून काही तरी उत्तर येई, जे मोटरच्या आवाजात कुणाला कधीच ऐकू आले नाही.

वहिनी २००८ साली निवृत्त झाली. २०१६ साली घाण्याचा दांडा झिजल्यामुळे त्याच खोलीत नवा घाणा बसवण्यात आला. त्यात रोज पहिल्या बियांआधी पळीभर तेल ओततात, आणि चाचणी असेल त्या दिवशी ते वजनातून वजा करतात.